विक्री झाली, पुढचे कोण बघणार?

बेंगळुरूतल्या यशवंतपूरच्या बाजार आवारात कांद्याचे एक वक्कल विकले जाते, तेव्हा घडलेली गोष्ट एकच असते: अमक्या शेतकऱ्याचा एवढा माल तमक्या व्यापाऱ्याने या भावाने घेतला. पण त्या एका गोष्टीकडे बऱ्याच जणांचे डोळे लागलेले असतात. दिवाणजीला पट्टी करायची असते, खरेदीदाराला बिल हवे असते, हमाली-तोलाईचा हिशेब लागायचा असतो, बाजार समितीचा सेस निघायचा असतो, गाळ्यातली शिल्लक कमी व्हायची असते. आणि नाशिक, नगर, सोलापूरकडे, ट्रक भरून पाठवून घरी थांबलेल्या माणसाला भाव कळायचा असतो. ही सगळी कामे विक्रीतूनच निघतात, पण ती विक्री करणाऱ्याची कामे नव्हेत.

एक घटना घडली की अनेकांनी आपापले काम सुरू करायचे, आणि घटना घडवणाऱ्याने त्यांच्यासाठी खोळंबून राहायचे नाही: एवढाच या पुस्तकाचा विषय आहे. जावाच्या जगात या यंत्रणेला असिंक्रोनस इव्हेंट आणि ऑब्झर्व्हर मेथड म्हणतात. मोठ्या कंपन्यांच्या, बँकांच्या, सरकारी खात्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ती जागोजागी असते, आणि माझ्या मते निम्म्या ठिकाणी ती विचार न करता घातलेली असते.

प्रोग्रामिंगच्या पुस्तकांत उदाहरणाला नेहमी एक ऑनलाइन दुकान असते. त्या दुकानात काही चुकले तर गिऱ्हाईक फारतर चिडते. यशवंतपुरात तुमकूर रोडच्या बाजूला गोण्यांनी भरलेले आवार आहे आणि तिथून थोड्याच अंतरावर राजाजीनगर-मल्लेश्वरमच्या हद्दीत काचेच्या इमारतींत बसलेले इंजिनिअर आहेत. जवळच 1909 साली सुरू झालेली भारतीय विज्ञान संस्था आहे. त्या इंजिनिअरांत लातूर, सांगली, निपाणी, बेळगावकडून आलेली मुले-मुली पुष्कळ. हे पुस्तक त्यांच्यासाठी आहे, म्हणून त्यातले दुकान अडतीचे आहे. ते काल्पनिक आहे, पण त्यातली घाई खरी आहे.

नवखा माणूस या दुकानाचे सॉफ्टवेअर कसे लिहील? वक्कल विकण्याची एक मेथड असेल. ती आधी विक्री डेटाबेसमध्ये नोंदवेल, मग पट्टी करणाऱ्याला हाक मारेल, मग बिलवाल्याला, मग सेसवाल्याला, मग शिल्लक, मग एसएमएस. पहिल्या दिवशी हे सुबक दिसते. मग मालकाला मोबाइलवर दिवसाचा तक्ता हवा होतो: आणखी एक ओळ. मग खरेदीदाराला व्हॉट्सॲपवर बिल: आणखी एक. विक्रीच्या कोडला आता सगळ्या जगाची नावे पाठ असावी लागतात, आणि कुठलेही खाते बदलले की विक्रीचा कोड उघडावा लागतो. याहून वाईट म्हणजे एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीचा सर्व्हर मंदावला की काउंटरवरचा संगणक त्याच्या उत्तराची वाट पाहत बसतो आणि पुढचे वक्कल अडते. कांदा विकला गेलेला आहे, पैसे ठरलेले आहेत, तरी रांग हलत नाही. कारण कुठले, तर एक निरोप पोहोचला की नाही ते कळत नाही.

यावरचा पहिला तोडगा जुना आहे. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत 1979च्या सुमारास ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलरची मांडणी केली. त्यातले मॉडेल बदलले की त्याच्याकडे पाहणाऱ्या दृश्यांना ते कळते, पण मॉडेलला त्यांची चौकशी करावी लागत नाही. 1994 साली गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडिस या चौघांच्या 'डिझाइन पॅटर्न्स' या ग्रंथाने त्याला ऑब्झर्व्हर या नावाने पक्के घर दिले. जावात तर पहिल्या आवृत्तीपासून ऑब्झर्व्हर आणि ऑब्झर्व्हेबल अशी जोडी होती. ती कोणी फारशी मनापासून वापरली नाही. ऑब्झर्व्हेबल हा क्लास असल्यामुळे त्याचा वारसा घ्यावा लागे आणि जावात वारसा एकाचाच घेता येतो. 2017 साली जावा 9मध्ये ती जोडी अधिकृतपणे मोडीत निघाली.

एंटरप्राइझ जावात ही कल्पना नीट रुजली ती गॅव्हिन किंग यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या सीडीआय या स्पेसिफिकेशनमुळे. सुरुवातीला त्याचे नाव वेब बीन्स होते. 2009च्या डिसेंबरमध्ये जेएसआर 299 म्हणून ते जावा ईई 6सोबत आले. त्यातली सोय अशी की ऐकणाऱ्याला कुठला इंटरफेस लागत नाही, कुठे नाव नोंदवावे लागत नाही. साध्या मेथडच्या एका पॅरामीटरवर ऑब्झर्व्ज हे ॲनोटेशन लावायचे. त्या पॅरामीटरचा प्रकार 'वक्कल-विकले' असेल, तर कोणीही त्या प्रकारचा इव्हेंट फायर केला की कंटेनर ही मेथड चालवतो. क्वालिफायर लावून 'फक्त कांदा' किंवा 'फक्त बटाटा' असे ऐकणेही चाळता येते. विक्रीचा कोड आता एकच ओळ लिहितो: हे घडले. पुढे कोण कोण काय करणार, हे त्याला ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही.

बहुतेकांची फसगत होते ती इथे. इव्हेंट म्हटले की माणूस समजतो, निरोप सुटला आणि आपण मोकळे. साध्या फायरमध्ये तसे काहीच होत नाही. ऑब्झर्व्हर त्याच थ्रेडवर, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, एकामागून एक चालतात. शेवटचा संपेपर्यंत फायर परत येत नाही. एकाने एक्सेप्शन फेकले की उरलेल्यांना हाक जातच नाही आणि ते एक्सेप्शन थेट विक्रीच्या कोडपर्यंत येते. नावे पाठ असण्याची अडचण सुटली, खोळंबा तसाच राहिला. एसएमएसवाला आता विक्रीच्या फाइलमध्ये दिसत नाही, एवढाच फरक. तो काउंटर अडवतोच, आणि आधी निदान दिसत तरी होता.

म्हणून जेएसआर 365, म्हणजे सीडीआय 2.0. आंतवान साबो-द्युराँ यांच्या नेतृत्वाखाली ते 2017 साली पूर्ण झाले आणि त्याच वर्षी जावा ईई 8मध्ये दाखल झाले. त्यात दोन नव्या गोष्टी आल्या: इव्हेंट सोडणाऱ्यासाठी फायर-असिंक आणि ऐकणाऱ्यासाठी ऑब्झर्व्ज-असिंक. फायर-असिंक लगेच परत येते. हातात कम्प्लीशन-स्टेज नावाची एक पावती पडते आणि ऑब्झर्व्हर दुसऱ्या थ्रेडवर आपले काम करत राहतात. त्याच आवृत्तीत साध्या, सिंक्रोनस ऑब्झर्व्हरांना प्रायॉरिटी देऊन क्रम लावण्याची सोयही आली. आकडा जितका लहान, तितकी हाक आधी. काहीच दिले नाही तर 2500 धरतात. असिंक ऑब्झर्व्हरांना मात्र कसलाही क्रम नाही.

सुरुवातीच्या काही सापळ्यांवरून भराभर पुढे जातो, कारण ते एकदा ठेच लागली की लक्षात राहतात. फायर केलेला इव्हेंट फक्त ऑब्झर्व्जवाल्यांना ऐकू जातो आणि फायर-असिंकने सोडलेला फक्त ऑब्झर्व्ज-असिंकवाल्यांना. दोन्हीकडे ऐकू जावे असे वाटत असेल तर दोन्हीकडे सोडावा लागतो. जोडी चुकली तर एरर येत नाही, काहीच होत नाही. आणि काहीच न होणे शोधायला सर्वांत जास्त वेळ लागतो. दुसरे, असिंक ऑब्झर्व्हर नव्या कॉन्टेक्स्टमध्ये चालतो. काउंटरच्या रिक्वेस्ट-स्कोप्ड बीनमध्ये मघाशी ठेवलेला गाळा क्रमांक त्याला तिथे मिळणार नाही. लॉगिन कोणाचे, ही सुरक्षेची ओळख स्पेसिफिकेशनप्रमाणे सोबत जाते. बाकीचे जे लागेल ते इव्हेंटच्या ऑब्जेक्टमध्येच भरून द्यायला हवे. आणि ते ऑब्जेक्ट एकदा भरले की कोणी बदलू नये. पट्टीवाला त्यातला भाव वाचत असताना दुसऱ्या थ्रेडवरचा कोणी तो 'सुधारत' असेल, तर पट्टीवर कुठला आकडा उमटेल ते सांगता येणार नाही. जावात रेकॉर्ड आल्यापासून याला सबब उरलेली नाही.

क्रमाबद्दल एक गमतीची गोष्ट. सीडीआयची मूळ अंमलबजावणी म्हणजे वेल्ड. त्यात वेगळे काही सांगितले नाही तर असिंक ऑब्झर्व्हर एकाच कामगार थ्रेडवर एकामागून एक चालतात. समांतर चालवायचे तर तसे मागून घ्यावे लागते. त्यामुळे आपल्या मशीनवर बिल नेहमी पट्टीनंतरच होते आणि प्रोग्रामर निवांत राहतो. स्पेसिफिकेशनने असे वचन कुठेच दिलेले नाही. सर्व्हर बदलला किंवा कोणी सेटिंग हलवले की तो क्रम मोडतो.

आता थांबून पाहावे अशी जागा: ट्रान्झॅक्शन. विक्रीच्या मेथडने डेटाबेसमध्ये नोंद लिहिली, अजून कमिट झालेले नाही, आणि पुढच्याच ओळीत फायर-असिंक केले. कामगार थ्रेड चटकन उठला. त्याचे ट्रान्झॅक्शन वेगळे. त्याने वक्कल क्रमांकावरून विक्री शोधली तर ती त्याला सापडत नाही, कारण कमिट न झालेले दुसऱ्याला सहसा दिसत नाही. कधी सापडते, कधी नाही, सगळे घड्याळावर. हा झाला सौम्य प्रकार. तीव्र प्रकार असा: एसएमएसच्या ऑब्झर्व्हरला डेटाबेस बघायची गरजच नव्हती, भाव इव्हेंटमध्येच होता. त्याने शेतकऱ्याला भाव कळवून टाकला. तेवढ्यात विक्रीच्या मेथडमध्ये पुढे काहीतरी फसले, खरेदीदाराची उधारीची मर्यादा ओलांडली म्हणा, आणि सगळे रोलबॅक झाले. डेटाबेसच्या लेखी विक्री झालेलीच नाही. गावाकडे मात्र मोबाइलवर भाव वाजलेला आहे. डेटाबेस रोलबॅक होतो. गेलेला एसएमएस परत बोलावता येत नाही.

याचे औषध सीडीआयमध्ये पहिल्यापासून आहे आणि आश्चर्य म्हणजे कमी लोक ते वापरतात. साध्या ऑब्झर्व्हरला सांगता येते की तू ट्रान्झॅक्शनच्या कुठल्या टप्प्यावर चालायचे: पूर्ण होण्याआधी, झाल्यावर, फसल्यावर, किंवा यशस्वी झाल्यावरच. शेवटच्याला आफ्टर-सक्सेस म्हणतात. ही सोय असिंक ऑब्झर्व्हरांना नाही, ती फक्त सिंक्रोनस ऑब्झर्व्हरांची. म्हणून दोघांची गाठ मारावी लागते. विक्री साध्या फायरने सांगायची, ती ऐकणारा एक छोटा ऑब्झर्व्हर आफ्टर-सक्सेसवर ठेवायचा, आणि कमिट पक्के झाल्यावर त्याने आतून फायर-असिंक करायचे. दोन ओळींचा मध्यस्थ आहे, पण तो नसला की झालेच नाही अशा विक्रीचे निरोप गावोगाव जातात. एक बारीक अट लक्षात ठेवावी: त्या वेळी ट्रान्झॅक्शन चालूच नसेल, तर आफ्टर-सक्सेसवाला ऑब्झर्व्हर कशाची वाट न पाहता तिथल्या तिथे चालतो. स्प्रिंग फ्रेमवर्क वापरणाऱ्यांना ट्रान्झॅक्शनच्या टप्प्यावर ऐकण्याची कल्पना 4.2 आवृत्तीपासून ट्रान्झॅक्शनल-इव्हेंट-लिसनर या नावाने मिळते.

एक्सेप्शनचे काय? असिंक ऑब्झर्व्हर फसला तरी बाकीच्यांचे काम चालू राहते, हे चांगले. सगळ्यांच्या चुका गोळा होऊन त्या पावतीत, म्हणजे कम्प्लीशन-स्टेजमध्ये, कम्प्लीशन-एक्सेप्शनच्या पोटात येऊन बसतात, हेही चांगले. पण बहुतेक कोडमध्ये ती पावती कोणी घेतच नाही. फायर-असिंक लिहिले, सेमिकोलन दिला, पुढे. म्हणजे सेसचा ऑब्झर्व्हर आठवडाभर रोज फसत असेल तरी काउंटरवर सगळे हिरवेगार दिसणार. या पुस्तकात एकही फायर-असिंक पावतीशिवाय सोडलेले नाही, आणि वाचकांनीही सोडू नये असा माझा आग्रह आहे.

आणि मग वीज जाते. फायर-असिंकने सोडलेला इव्हेंट फक्त त्या एका प्रोसेसच्या मेमरीत असतो. सर्व्हर पडला, रीस्टार्ट झाला, नवी आवृत्ती चढवताना बंद केला, तर रांगेत असलेले निरोप गेले. त्यांची नोंद कुठेच नाही. जे हरवून चालणार नाही ते मेमरीवर सोपवायचे नाही, विक्रीच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये एका वेगळ्या टेबलात लिहायचे. याला आउटबॉक्स म्हणतात. विक्री आणि निरोप एकत्रच कमिट होतात किंवा एकत्रच जातात. मग एखादे काम त्या टेबलातून एकेक निरोप उचलून जेएमएसच्या रांगेत किंवा काफ्कात टाकते. त्यात निरोप हरवत नाही, पण दोनदा पोहोचू शकतो. पाठवला आणि 'पाठवला' अशी खूण करण्याआधीच यंत्र बंद पडले, तर उठल्यावर ते पुन्हा पाठवणार. एसएमएस दोनदा गेला तर शेतकरी हसेल. पट्टीचे पैसे दोनदा जमा झाले तर मालक हसणार नाही. म्हणून ऐकणाऱ्याने वक्कल क्रमांक पाहून 'हे मी आधीच केले आहे का' असे विचारणे भाग पडते.

इतके सगळे कळल्यावर खरा प्रश्न उरतो: कोणते काम सिंक्रोनस, कोणते असिंक, कोणते आउटबॉक्समधून? प्रोग्रामरांची सहज वर्गवारी ठरलेली असते. पैसे महत्त्वाचे, म्हणून ते ट्रान्झॅक्शनमध्ये. निरोप म्हणजे शोभा, म्हणून तो असिंक, गेला तर गेला. ही वर्गवारी मला मान्य नाही, आणि ती का चुकते हे कर्नाटकातच दिसते.

कर्नाटक सरकारने 2014 साली एनसीडीईएक्सच्या ई-मार्केट कंपनीबरोबर भागीदारीत राष्ट्रीय ई-मार्केट सर्व्हिसेस ही कंपनी काढली आणि राज्यातल्या बाजार समित्या एका ऑनलाइन व्यवस्थेत आणायला सुरुवात केली. देशपातळीवरचे ई-नाम 14 एप्रिल 2016ला सुरू झाले. त्याआधीचा हा प्रयोग. त्यात माल फाटकातून आत येताना नोंदला जातो, त्याला लॉट क्रमांक मिळतो, व्यापारी संगणकावरून बोली लावतात, सर्वोच्च बोली जाहीर होते, ती शेतकऱ्याला एसएमएसने कळते, मग वजन आणि पैसे. या साखळीत एसएमएसची जागा बघा. भाव पसंत नसेल तर नाकारण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे. म्हणजे तो निरोप विक्री झाल्यावरचे सौजन्य राहत नाही. तो पोहोचल्यावरच शेतकरी हो की नाही ते ठरवतो. असा निरोप मेमरीत सोडून देणारा प्रोग्रामर व्यवहाराचा एक पायाच काढून घेतो, आणि त्याच्या कोडमध्ये एकही चूक सापडणार नाही. उलट मालकाच्या मोबाइलवरचा दिवसाचा तक्ता, ज्यासाठी मीटिंगा होतात, तो खुशाल मेमरीवर सोडावा. एखादा आकडा मागे राहिला तर पुढच्या इव्हेंटला सावरतो.

तेव्हा वर्गवारी करण्याआधी जाऊन दिवाणजीला विचारावे, हमालांच्या मुकादमाला विचारावे, जमल्यास माल पाठवणाऱ्यालाही. 'हे दहा मिनिटे उशिरा झाले तर काय बिघडेल? झालेच नाही तर? दोनदा झाले तर?' हे तीन प्रश्न कुठल्याही फ्रेमवर्कच्या कागदपत्रांत नाहीत, आणि त्यांची उत्तरे प्रत्येक दुकानात वेगळी निघतात. कांद्याच्या दुकानात उशीर हा वजनातला तोटा असतो; गुळाच्या दुकानात त्याच दहा मिनिटांना कोणी विचारत नाही. आर्किटेक्ट म्हणवणाऱ्या माणसाने एक दिवस काट्याजवळ उभे राहावे, असे माझे प्रांजळ मत आहे. कन्नड येत नसेल तरी यशवंतपूरच्या आवारात काम भागते. तिथे हिंदी चालते आणि मराठी समजणारा कोणीतरी भेटतोच.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडेसे. थ्रेड पूल किती मोठा असावा, या चर्चेला मी मुद्दाम कमी जागा दिली आहे. 2023 साली जावा 21मध्ये व्हर्च्युअल थ्रेड आल्यापासून त्या चर्चेचे वजन घटले आहे, आणि आकडे दुसऱ्याच्या पुस्तकातून उचलण्यापेक्षा आपल्या सर्व्हरवर मोजलेले बरे. टेस्टिंगला मात्र दोन प्रकरणे आहेत. असिंक कोडच्या टेस्टमध्ये 'दोन सेकंद झोप' अशी ओळ लिहिण्याची वाईट सवय सगळीकडे आहे. वेगवान मशीनवर ती वेळ वाया घालवते आणि मंद मशीनवर खोटे अपयश दाखवते. फायर-असिंकने दिलेली पावती हातात असेल तर झोपायची गरज नाही; ती पूर्ण होईपर्यंत मुदत घालून थांबायचे आणि मग डेटाबेस तपासायचा. पावती सांभाळायचा दुसरा फायदा तो हाच.

सगळी उदाहरणे जावा 17 आणि जकार्ता ईई 10वर लिहून तपासलेली आहेत. ज्यांच्या ऑफिसात जुना जावा ईई 8चा कोड आहे त्यांनी पॅकेजच्या नावातला जकार्ता काढून जावाएक्स वाचावे. हा नामबदल 2020च्या जकार्ता ईई 9मध्ये झाला आणि आपल्या विषयापुरता मुख्य फरक तोच आहे. स्प्रिंगवाल्यांसाठी प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी समांतर कोड दिला आहे. तिसरे प्रकरण, आफ्टर-सक्सेसचे, आधी वाचले तरी हरकत नाही. घाईत असलेल्यांनी तर तेच आधी वाचावे आणि आपल्या प्रोजेक्टमध्ये कमिटच्या आधी सोडलेले इव्हेंट शोधायला लागावे.